चार तळहातांची पकड

नागपुराहून वर्धा मार्गानें दक्षिणेस निघून खापरी गांठली म्हणजे उजव्या हातास मिहानचे रस्ते लागतात. विमानतळ, मालवाहतूक, कारखाने व संगणकाच्या कचेऱ्या यांस एकत्र जागा मिळावी म्हणून महाराष्ट्र शासनानें २००२ सालीं महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन केली, आणि तिच्या हातून शेतांशिवारांत हा नवा प्रदेश उभा राहिला. विमानांची दुरुस्ती करणारा मोठा कारखाना येथें आहे, एम्स रुग्णालय येथें आहे, आणि मुंबईकडे जाणारा समृद्धि महामार्गहि येथून जवळच शिवमडका येथें सुरू होतो. रस्ते रुंद, सरळ आणि रात्रीं बरेचसे मोकळे. असा रस्ता दिसला कीं तरुणाचा पाय वेगाच्या पेडलावर आपोआप जड होतो, हें आमच्या पालकवर्गास सांगावयास नको.

आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी याच मिहानमध्यें नोकरीस आहे. त्यानें हौसेनें एक जुनी मोटार घेतली. तिची शक्ति मागच्या चाकांस मिळते. त्या चाकांवर त्यानें ‘ड्रॅग रेडियल’ जातीचे टायर बसविले. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेंतील वेगाच्या शर्यती भरविण्यांत आल्या आहेत; अशा ठिकाणीं रीतसर नांव नोंदवून उतरावें असा त्याचा मानस होता. रस्त्यावर शर्यत लावण्याचा वेडेपणा त्याच्या मनांत नव्हता. मे महिन्यांतील एका संध्याकाळीं तो आमच्याकडे आला व म्हणाला, “सर, एवढे महाग टायर घेतले, तरी सुटतांना चाक जागच्या जागीं फिरतें. पकड मिळत नाहीं. असें कां?”

विज्ञानाच्या शिक्षकास असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. त्या मेजवानीच्या भरांत आमच्या हातून एक चूक झाली. ती आम्ही पुढें सांगणारच आहों. परंतु प्रश्न चांगला होता, म्हणून प्रथम त्याचें उत्तर देतों.

विदर्भांतील वाचकांस ड्रॅग शर्यत समजावून देणें अवघड नाहीं. ती यंत्रांचा शंकरपटच होय. तळेगांव दशासरचा पट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांपुढें चित्र उभें राहील : वळण नाहीं, फेरा नाहीं, सरळ पट्टा, आणि निकाल कांहीं सेकंदांत. मोटारींच्या या शर्यतीचें रूढ अंतर पाव मैल, म्हणजे सुमारें ४०२ मीटर. पटावर बैल खुरांनीं जमीन धरतो. खूर निसटला तर त्याच्या अंगांत कितीहि बळ असो, तें मातींत जातें. मोटारीचा खूर म्हणजे टायर.

येथें बैलगाडीच्या चाकाशीं तुलना करून पाहूं. गाडीच्या लांकडी चाकावर लोखंडाची धाव चढविलेली असते. लोखंड गुळगुळीत, तरी गाडी चालते, कारण ओढण्याचें काम बैल करितात व चाक नुसतें फिरतें. त्यास जमीन धरण्याची गरजच नसते. मोटारीचें चाक मात्र स्वतः बैल आहे. तें रस्त्यास मागें रेटतें, आणि रस्ता त्याला तेवढ्याच जोरानें पुढें रेटतो. न्यूटनचा तिसरा नियम शाळेंत पाठ केलेला असतो, तो हाच. हा व्यवहार जेथें घडतो तेथें लोखंड निरुपयोगी. तेथें रबर हवें. चार्ल्स गुडइयर यास १८३९ सालीं कच्चें रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ति सांपडली. रॉबर्ट टॉम्सन यानें १८४५ सालीं हवेच्या धावेचें पेटंट घेतलें. आणि १८८८ सालीं जॉन डनलॉप यानें ती सायकलीस बसवून दाखविली. आजच्या प्रत्येक टायरचे हे तीन पूर्वज होत.

आतां एक साधा हिशेब करूं. मोटारीचें वजन १००० किलो धरा. प्रत्येक चाकावर २५० किलो, म्हणजे सुमारें ५५० पौंड भार आला. टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचास ३३ पौंड असेल, तर तो भार तोलण्यास सुमारें १७ चौरस इंच जागा रस्त्यास टेकली पाहिजे. टायरच्या बाजूंच्या ताठपणामुळें हा आंकडा थोडा बदलतो; परंतु अदमास खरा आहे. १७ चौरस इंच म्हणजे मोठ्या माणसाच्या एका तळहाताएवढी जागा. आईवडील व मुलें बसलेली सबंध मोटार रस्त्यास धरून असते ती अशा चार तळहातांनीं. सुटणें, वळणें, थांबणें हीं तिन्ही कामें याच चार तळहातांवर सोंपविलेलीं असतात.

येथें हुषार विद्यार्थी शंका काढील. गियोम आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६९९ सालीं मांडलेला नियम पुस्तकांत आहे कीं घर्षण भारावर अवलंबून असतें, टेकलेल्या क्षेत्रावर नसतें. मग शर्यतीचे टायर इतके रुंद कां? उत्तर असें कीं तो नियम लांकूड-लोखंडासारख्या कठीण पदार्थांस बराच लागू पडतो. रबर त्याचें पुरतें ऐकत नाहीं. रबर दोन प्रकारांनीं पकड घेतें. एक, त्याचे कण रस्त्याच्या कणांस क्षणभर चिकटतात. दुसरें, तें खडीच्या उंचसखल टोकांमध्यें दबतें व पूर्ववत् होण्यास किंचित् वेळ घेतें. त्या दिरंगाईमुळें चाक सहज निसटूं शकत नाहीं. दर चौरस इंचावर भार फार झाला तर रबराची पकड त्या प्रमाणांत वाढत नाहीं. म्हणून भार पसरून देणें, म्हणजे तळहात मोठा करणें, हितावह होतें.

तळहात मोठा करण्याचा सोपा उपाय म्हणजे हवा कमी करणें. आमच्या विद्यार्थ्यानें ड्रॅग टायरमध्येंहि नेहमींची ३३ पौंड हवा ठेविली होती. त्यामुळें टायर मध्यें फुगून केवळ मधल्या पट्ट्यावर उभा होता. हें त्याला कसें दाखवावें? आम्ही फळ्यावरचा खडू घेतला व टायरवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी जाड रेघ ओढली. मग मोटार शाळेच्या मैदानाबाहेरील फरसबंद जागेवर अगदीं सावकाश थोडी चालविली. रेघ मध्यें पुसली गेली, कडांस तशीच राहिली. हवा थोडी सोडून पुन्हां रेघ ओढली. पुसलेला भाग रुंद झाला. मध्यें खडू राहून कडाच पुसल्या जातील तर हवा फार कमी झाली असें समजावें. ड्रॅग रेडियलचें समाधान बहुधा १६ ते २० पौंडांच्या दरम्यान होतें. शर्यतीच्या पट्ट्यावर जाणते लोक एकेक अर्धा पौंड कमीजास्त करून प्रत्येक धांवेची वेळ वहींत लिहितात. फार हवा सोडली तर टायर रिंगवर लडबडतो व मोटारीचा मागचा भाग डोलूं लागतो, म्हणून यांतहि मर्यादा आहे.

हवेबरोबर उष्णतेचा विचार आलाच. टायर तापला कीं आंतील हवेचा दाब वाढतो. सकाळीं २५ अंशांवर १६ पौंड हवा भरली; बाहेरील वातावरणाचे सुमारें १४ पौंड धरून एकूण दाब ३० झाला. टायर ५५ अंशांपर्यंत तापला तर एकूण दाब सुमारें एकदशांशानें वाढून ३३ होईल, म्हणजे मापकावर १९ दिसेल. ज्या नागपुरांत मे २०१३ मध्यें पारा ४७ अंशांच्या पुढें गेला, तेथें सकाळचें माप दुपारीं खरें राहत नाहीं. यास्तव शर्यतीची हवा शर्यतीच्या वेळीं मापावी. आणि रस्त्याच्या टायरची हवा सकाळीं, टायर थंड असतांना मापावी.

उष्णतेचा दुसरा परिणाम रबरावर होतो. ड्रॅग टायरचें रबर मुद्दाम मऊ केलेलें असतें व तें कोमट झाल्याखेरीज नीट चिकटत नाहीं. म्हणून पट्ट्यावर शर्यतीपूर्वीं पुढचे ब्रेक दाबून मागचीं चाकें जागच्या जागीं फिरवितात. त्यानें धूळ-खडे निघून जातात व वरचा थर तापतो. ड्रॅग रेडियलला हें थोडकेंच पुरतें. विरळ धूर दिसूं लागला कीं थांबावें. अधिक केल्यास रबर तेलकट होऊन उलट पकड घटते. पूर्ण गुळगुळीत ‘स्लिक’ टायरांस मात्र जास्त तापवावें लागतें.

सुटण्याच्या क्षणाचेंहि शास्त्र आहे. रबराची पकड चाक मुळींच न घसरतां पूर्ण मिळत नाहीं, व स्वैर घसरूं दिल्यासहि मिळत नाहीं. साधारण टायर कोरड्या रस्त्यावर मोटारीच्या चालीपेक्षां शेंकडा दहा-पंधरा अधिक फिरतो तेव्हां पकड सर्वांत जास्त असते. त्यापुढें ती घसरगुंडीस लागते. म्हणून पेडल एकदम तुडविणारा हरतो व चढत्या हातानें दाबणारा जिंकतो. शिवाय मोटार सुटतांना तिचा भार मागें सरकतो. वजन १००० किलो, गुरुत्वमध्याची उंची ५५ सेंटिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २५० सेंटिमीटर, आणि वेगवाढ गुरुत्वाच्या चारदशांश धरली, तर १००० × ०·४ × ५५ ÷ २५० = ८८ किलो भार पुढून उचलून मागें जातो. ज्या मोटारीचीं मागचीं चाकें ढकलतात तिला हा लाभ होतो. आपल्या बहुतेक लहान मोटारींचीं पुढचीं चाकें ओढतात, त्यांचा तेवढाच तोटा होतो.

शेवटीं जमीन. शर्यतीच्या पट्ट्यावर चिकट द्रव फवारतात, त्यावर जुन्या रबराचे थर बसलेले असतात. चालत गेल्यास जोड्याचा तळ चिकटावा अशी ती जागा होते. म्हणजे उत्तम पकड एकट्या टायरची नव्हे. टायर, जमीन आणि हवामान या तिघांचा तो करार असतो. तिघांपैकीं एकानें अंग काढून घेतलें तर करार मोडतो.

हें शेवटचें वाक्य आम्ही त्या संध्याकाळीं त्याला सांगितलें नाहीं. आमची चूक ती हीच. खडूचा प्रयोग झाला, सतरा पौंडांवर रेघ कडेपासून कडेपर्यंत सारखी पुसली गेली, त्याला आनंद झाला व आम्हांसहि झाला. तीच हवा ठेवून, त्याच टायरांवर तो घरीं गेला. शर्यतीस अजून अवकाश होता. टायर बदलण्याचा कंटाळा केला. आणि जूनमध्यें पहिला पाऊस आला.

कचेरी सुटल्यावर तो मिहानच्या एका रुंद रस्त्यास लागला होता. वेग ताशीं पन्नासाच्या आसपास, फार नव्हे. पुढें जाण्यासाठीं त्यानें पेडल किंचित् दाबलें. मागचीं चाकें फिरलीं, मोटारीनें स्वतःभोंवतीं गिरकी घेतली व ती दुभाजकावर जाऊन आदळली. त्याच्या खांद्यास मार लागला. परंतु त्यानें आम्हांस सांगितलें तें खांद्याविषयीं नव्हे. तो म्हणाला, “सर, नुकतीच एक बाई स्कूटरवर लहान मुलाला घेऊन माझ्या बाजूनें पुढें गेली होती. ती दोन सेकंद मागें असती तर?” या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

काय घडलें तें पाहूं. पहिल्या पावसांत उन्हाळाभर सांठलेली धूळ, तेल व रबराची पूड मिळून रस्त्यावर निसरडा लेप तयार होतो. पुढें संततधार लागली कीं तो धुऊन जातो. म्हणून पहिली सर चौथ्या सरीहून धोक्याची असते. टायरवरील खाचा शोभेसाठीं नसतात. पाण्यास पळून जाण्याच्या त्या मोऱ्या होत. ड्रॅग रेडियलवर अशा मोऱ्या नांवापुरत्याच असतात, स्लिकवर मुळींच नसतात. कोरड्या पट्ट्यावर तोच त्याचा गुण, कारण खाच नसेल तेथें रबर टेकतें. ओल्या रस्त्यावर तोच त्याचा अवगुण. एका गुणाची किंमत दुसऱ्या गुणानें मोजलेली असते, आणि ती किंमत विकत घेणाऱ्यापुरतीच राहत नाहीं. बाजूनें जाणाऱ्यासहि ती द्यावी लागते.

पाणी सांचलेलें असेल तर आणखी एक संकट असतें. वेग वाढला कीं टायरखालचें पाणी बाजूस सरण्यास वेळ मिळत नाहीं; त्याची पाचर टायरला वर उचलते व चाक रस्त्यास न शिवतां पाण्यावर तरंगतें. मग सुकाणू फिरवून उपयोग नाहीं व ब्रेक दाबूनहि नाहीं. हें कोडें प्रथम विमानांनीं सतावलें. भिजलेल्या धावपट्टीवर उतरणारीं विमानें घसरत. त्याचा अभ्यास करून १९६३ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेंतील हॉर्न व ड्रेहर यांनीं एक सोपें सूत्र दिलें. हवेच्या दाबाचें, पौंडांच्या मापांत, वर्गमूळ काढावें व त्यास सुमारें १६·७ नें गुणावें. येईल तो ताशीं किलोमीटरांतील वेग धोक्याचा. ३३ पौंडांस हा वेग सुमारें ९६ येतो. १६ पौंडांस केवळ ६७. सूत्र विमानांच्या टायरवरून काढलेलें आहे. मोटारीस तें अदमासापुरतें लागू पडतें, व चांगल्या खाचा असतील तर हा वेग वाढतो. तथापि धडा उघड आहे. ज्या कमी हवेनें कोरड्यांत तळहात मोठा केला, त्याच कमी हवेनें पावसांत तो रस्त्यावरून लवकर उचलला जातो. मिहानच्या कुंपणापलीकडे विमान उतरतांना पाहाल तेव्हां या सूत्राची आठवण ठेवा.

थांबण्याचा हिशेबहि मुलांनीं करून पाहावा. वेग ताशीं ६०, म्हणजे सेकंदास १६·७ मीटर. ब्रेक दाबल्यावर लागणारें अंतर वेगाच्या वर्गास घर्षणांक व गुरुत्वाच्या दुपटीनें भागून मिळतें. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०·७ धरला तर अंतर सुमारें २० मीटर. ओल्यावर ०·४ धरला तर ३५. आणि गोटा झालेल्या टायरखालीं, निसरड्यांत, ०·२ धरला तर ७१ मीटर. वेग तोच, ब्रेक तेच, चालविणारा तोच. फरक एवढाच कीं एका स्थितींत मूल रस्ता ओलांडून जातें, दुसऱ्या स्थितींत जात नाहीं.

आतां पालकांच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगतों. टायरच्या खाचेंत लहान उंचवटे असतात. झिजून रबर त्यांच्या बरोबरीस आलें म्हणजे खाच १·६ मिलिमीटर उरली असें समजावें. मोटारीस कायद्यानें हीच अखेरची मर्यादा आहे. परंतु पावसाळ्यापूर्वीं तेथवर वाट पाहूं नये. टायरच्या बाजूस चार आंकडे छापलेले असतात. ‘३५२४’ म्हणजे २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यांत तो झाला. खाच दिसत असली तरी जुनें रबर कठीण होऊन पकड सोडतें. हवा मोटार बनविणाऱ्यानें दाराजवळील पट्टीवर लिहिली असेल तीच ठेवावी. कमी हवेनें भरधांव गेल्यास टायरच्या बाजू वारंवार दुमडून तापतात व फुटतात. जून २०२५ मध्यें पुरा खुला झालेल्या ७०१ किलोमीटरांच्या समृद्धि महामार्गावर मोटारींस ताशीं १२० पर्यंत वेगाची मुभा आहे. तेथें निघण्यापूर्वीं तर हवा व टायर तपासल्याखेरीज शिवमडका ओलांडूंच नये.

ज्यांस वेगाचीच हौस आहे त्यांस आम्ही दोष देत नाहीं. हौस पट्ट्यावर फेडावी. शर्यतीचे टायर मोटारींत घालून न्यावे, तेथें बसवावे, तेथेंच काढावे व घरीं सावलींत झांकून ठेवावे. रस्त्यावर विनापरवाना वेगाची शर्यत लावणें हा मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाप्रमाणें गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या वेळींच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. शंकरपटाससुद्धां २०१४ सालीं बंदी आली होती, ती उठल्यावर नियमांच्या चौकटींतच पट पुन्हां सुरू झाला. बैलांच्या धांवेस जर मैदान, पंच व नियम लागतात, तर शंभर घोड्यांच्या इंजिनास ते लागूं नयेत काय?

आमचा तो विद्यार्थी खांदा बरा झाल्यावर पुन्हां आला. मोटारीस त्यानें साधे, खाचांचे टायर बसविले होते. ड्रॅग टायर आतां घरीं ठेविलेले आहेत व पट्ट्याच्या दिवसाची वाट पाहत आहेत. त्यानें आमच्या टेबलावरचा खडू उचलला व हंसून विचारिलें, “सर, आतां काय मोजावयाचें?” आम्ही त्याला घेऊन बाहेर गेलों. कालच्या पावसाचें पाणी फरसबंद जागेवर सांचलें होतें. जुन्या सायकलीचा एक गोटा टायर व एक नवा टायर त्यांतून फिरविला, आणि पलीकडील कोरड्या फरशीवर उमटलेले ओले ठसे त्याला दाखविले. नव्याचा ठसा तुटकतुटक होता. खाचांनीं पाणी वाहून नेलें होतें. गोट्याचा ठसा एकसंध, ओला व चकचकीत होता.

हा प्रयोग आम्ही मे महिन्यांतच करावयास हवा होता. कोणतीहि शक्ति कशी मिळवावी हें शिकवितांना ती कोठें संपते हेंहि त्याच दिवशीं शिकवावें, हा आमचा धडा. मुलांनो, तुमचा धडा याहून सोपा आहे. पहिली सर आली कीं पाय हलका करा, आणि आपल्या चार तळहातांवर आपल्याशिवाय आणखी कोणकोण विसंबलें आहे तें एकदां आठवा.